उइस्मांसला रसिक म्हणून निकालात काढणाऱ्यांना

फ्रेंच कादंबरीकार जोरिस-कार्ल उइस्मांस याच्याबद्दलचं एक मत इतकं रुळलं आहे की ते मांडताना पुरावा देण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. हा माणूस देवाकडे वळला असं म्हणतात, पण खरं तर तो वळला धुपाच्या वासाकडे, रंगीत काचांकडे आणि ग्रेगोरियन गायनाकडे, असं ते मत. १८९५ साली आलेली त्याची 'आं रूत' ही कादंबरी म्हणजे सगळं भोगून कंटाळलेल्या माणसाला चर्चमध्ये सापडलेली नवी चव. मठातले त्याचे दिवस म्हणजे सरकारी नोकराची रजा. आणि ही कादंबरी तरी कसली? कथानक नाही, घटना नाहीत, नुसती चर्चवर्णनं आणि संतचरित्रांचे उतारे. म्हणजे माणूस ढोंगी आणि पुस्तक फसलेलं, असा दुहेरी निकाल एका दमात लागतो.

मला या निकालाचा राग आहे. तो लावणाऱ्यांपैकी पुष्कळांचं वाचन १८८४ च्या 'आ रबूर'पाशी थांबलेलं असतं. त्या कादंबरीतला देझेसँत, त्याचं ते रत्नं जडवलेलं कासव, अत्तरांचे आणि मद्यांचे प्रयोग हे सगळं लक्षात राहतं, आणि पुढच्या वीस वर्षांचं लेखन त्याच मापाने मोजलं जातं. 'आ रबूर' लिहिणारा माणूस पुढे काहीही करो, तो शौकच असणार, हे आधीच ठरलेलं. माणसाने छत्तिसाव्या वर्षी एक पुस्तक लिहिलं, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी गुडघ्यावर बसून तो जे बोलला ते खोटं ठरतं का?

आधी पुस्तकाकडे पाहू. नायक द्युर्ताल हा पॅरिसमधला लेखक, एकटा, मध्यमवयीन. १८९१ च्या 'ला-बा' या कादंबरीत हाच द्युर्ताल सैतानपूजेचा मागोवा घेत काळ्या मिस्सेपर्यंत पोचला होता. 'आं रूत' उघडते ती पॅरिसच्या सँ-स्युल्पीस चर्चमध्ये, मृतांसाठीच्या प्रार्थनांच्या आठवड्यात. द्युर्ताल मागच्या बाजूला बसून मर्तिकाचं गायन ऐकतो आहे. पुस्तकाचा पहिला अर्धा भाग असा चर्चमागून चर्च हिंडण्याचा आहे. दुसऱ्या अर्ध्यात जेव्हरेझँ नावाच्या वृद्ध धर्मगुरूच्या सल्ल्यावरून तो एका ट्रॅपिस्ट मठात राहायला जातो, तिथे आयुष्यभराच्या पापांचं निवेदन करतो, ख्रिस्तप्रसाद घेतो आणि पॅरिसला परततो. एवढीच गोष्ट. कादंबरीतला मठ 'नोत्र-दाम द लात्र' या नावाने येतो. प्रत्यक्षात तो मार्न प्रांतातला इन्यीचा मठ. संत बर्नार्डच्या काळात, ११२८ मध्ये स्थापन झालेला, राज्यक्रांतीत बंद पडलेला आणि १८७६ मध्ये पुन्हा सुरू झालेला. उइस्मांस तिथे १८९२ च्या जुलैत राहिला होता. द्युर्तालच्या आडून तो स्वतःबद्दल बोलतो आहे, हे त्याच्या वाचकांना तेव्हाही ठाऊक होतं.

आता पहिला आरोप. तो कलेमुळे वळला, सबब त्याची श्रद्धा खरी नाही.

कलेमुळे वळला, हे शोधून काढायला कुणा समीक्षकाची गरज नव्हती. उइस्मांसने ते स्वतःच लिहून ठेवलं आहे. आपण विश्वास का ठेवू लागलो याचा छडा लावताना द्युर्ताल तीन कारणं नोंदवतो: मठांमध्ये आयुष्य घालवलेल्या नातलगांचं धार्मिक घराणं, जगण्याचा आलेला वीट आणि कलेचं वेड. म्हणजे आरोपपत्रातलं मुख्य कलम आरोपीनेच, कोणी विचारण्याआधी, कबूल केलेलं आहे. आणि तो तिथे थांबत नाही. ही तिन्ही कारणं जमेस धरूनही हिशेब पुरा होत नाही, काय झालं ते मला समजलेलं नाही, असं तो म्हणतो. पोटात अन्न पचतं आणि आपल्याला त्याची जाणीव नसते, तसं काहीतरी आत घडलं, एवढंच त्याला सांगता येतं. दिव्य प्रकाश दिसला, आकाशवाणी झाली, असा दावा करण्याची संधी असूनही त्याने तो केला नाही. ढोंग करायचं असतं तर सगळ्यात आधी हा प्रकाशच दाखवला असता ना?

बरं, क्षणभर मानू की त्याला गायनच हवं होतं. मग तो ट्रॅपिस्टांकडे कशाला गेला? ग्रेगोरियन गायनाचं त्या काळातलं माहेरघर होतं सोलेम. तिथे १८३३ मध्ये दोम गेरांजेने बेनेडिक्टाइन मठ पुन्हा उभा केला होता, तिथल्या दोम पोतिएचा या गायनावरचा ग्रंथ १८८० मध्ये आला होता, जुनी हस्तलिखितं पडताळून मूळ चाली शुद्ध करण्याचं काम तिथे चालू होतं. एवढं लांब तरी कशाला जायचं? पॅरिसमध्येच र्‍यू मसियवरच्या बेनेडिक्टाइन धर्मभगिनींच्या चर्चमध्ये उत्तम गायन ऐकायला मिळत होतं, आणि द्युर्ताल ते ऐकतही होता. मागच्या बाकावर बसा, डोळे मिटा, ऐका, घरी जा. कोणी विचारत नव्हतं की गेल्या वीस वर्षांत काय काय केलंस. सौंदर्याचा भुकेला माणूस तिथेच थांबला असता. द्युर्तालला नेमकं हेच खुपतं. आपण गाण्यावर गुजराण करतो आहोत आणि गुडघे टेकायची वेळ आली की पळतो आहोत, हे त्याला कळतं. पहिल्या अर्ध्या भागात चर्चवर्णनं जितकी आहेत तितकीच ही टोचणीही आहे. ती टीकाकारांना दिसत नाही, कारण वर्णनं चाळता चाळता ते पुढे निघून जातात.

आणि ट्रॅपिस्ट मठ म्हणजे काय होतं हेही नीट समजून घ्यावं. तिथले संन्यासी रात्री दोनच्या सुमारास उठत. मांस वर्ज्य, बोलणं वर्ज्य, एकमेकांशी खुणांनी व्यवहार, दिवसभर शेतात आणि गोठ्यात काम, रात्री अंगावरच्या वस्त्रांसकट झोप. शार्त्र्‌च्या कॅथेड्रलसारखं पाहण्यासारखं तिथे काही नव्हतं. द्युर्ताल तिथे निघतो तेव्हा तंबाखू, चॉकलेट आणि औषधं बांधून घेतो. आपल्याला ते अन्न पचेल का, सिगारेट ओढू देतील का, याची त्याला खरोखरची भीती आहे. चवीच्या शोधात निघालेला माणूस असा निघत नाही. तो निघतो तो घाबरून, कारण आता सुटका नाही हे त्याला उमगलं आहे.

त्या मठातली पहिलीच रात्र घ्या. वाईट स्वप्नांनी द्युर्तालची झोप मोडते, पहाटेच्याही आधी तो कपडे करून खाली येतो, चर्चचं दार ढकलतो. आत अंधार आहे. आणि त्या अंधारात जमिनीवर माणसं पडली आहेत. पालथी, आडवी, हालचाल नाही, रणांगणावर गोळीबारात कोसळलेल्या सैनिकांसारखी. काही क्षणांनी त्याला कळतं की हे मठातले बंधू आहेत आणि ते प्रार्थना करत आहेत. बाहेरचं कोणी बघतं आहे याची त्यांना गंधवार्ता नाही. या प्रसंगात गायन नाही, रंगीत काच नाही, धूप नाही. द्युर्तालच्या सगळ्या रसिकतेला तिथे करण्यासारखं काही उरत नाही. आजवर त्याने जे पाहिलं त्याचा तो प्रेक्षक होता. इथे प्रेक्षकाला जागाच नाही, आणि तो आपसूक गुडघ्यावर येतो. ज्यांना 'आं रूत'मध्ये नुसता सौंदर्यवाद दिसतो त्यांनी हे पान कसं वाचलं?

पुढे पापनिवेदन. मठाच्या प्रायरसमोर तो गुडघे टेकतो आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. ज्याने आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं, भाषेचा कारागीर म्हणून ज्याचं नाव झालं, त्याला एक साधं वाक्य बोलता येत नाही. तो रडू लागतो. प्रायर त्याला म्हणतो की तुम्ही थकला आहात, उद्या या. आणि मग ती मधली रात्र! दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खोली, तोच माणूस, आणि या वेळी सगळं सांगून टाकणं. उइस्मांसने यात स्वतःला कुठेही उंच दाखवलेलं नाही. शैलीची करामत तर नाहीच.

त्यानंतरची माळेची हकिगत मला या कादंबरीतली सगळ्यात खरी वाटते. प्रायरने प्रायश्चित्त म्हणून रोज माळेचे दहा मणी म्हणायला सांगितलेलं असतं. द्युर्तालच्या मनात शंका शिरते: दहा मणी की दहा माळा? आधी ती क्षुल्लक वाटते. मग वाढत जाते. दहा माळाच म्हणाले असावेत. पण हे कसं शक्य आहे? पण आपण टाळतो आहोत म्हणूनच आपल्याला दहा मणी हवेसे वाटतात. तो बसून माळांवर माळा म्हणत राहतो, शब्दांचा अर्थ संपतो, डोकं बधिर होतं, चीड येते, चिडल्याचं पाप वाटतं. शेवटी मठात राहणारे वयस्कर ऑब्लेट (गृहस्थ राहून मठाचा नियम पाळणारे) मस्य ब्रुनो त्याला या भोवऱ्यातून बाहेर काढतात. नामस्मरणाला बसलेलं मन कसं पळतं, हट्टाने कसं अडून बसतं, याची तक्रार आपल्याकडच्या संतांनीही देवाजवळ केलेली आहे. ज्याने हे कधी केलंच नाही त्याला त्या तपशिलाची कल्पनाही येणार नाही. शौकीन माणूस प्रार्थनेचं वर्णन करील तर तिच्या गोडीचं करील. तिच्यातलं हे कंटाळवाणं, लाजिरवाणं, डोकं पिकवणारं झगडणं तो कशाला लिहील? त्यात मिरवण्यासारखं काय आहे?

आणि हे सगळं झाल्यावर ख्रिस्तप्रसाद घेऊन तो आनंदात न्हाऊन निघतो का? नाही. जे वाटेल असं वाटलं होतं ते वाटत नाही. उलट त्यानंतर श्रद्धेवरच्या शंकांचा हल्ला येतो, एकामागून एक तर्कशुद्ध आक्षेप, आणि त्यांना त्याच्यापाशी उत्तर नसतं. उइस्मांस ते आक्षेप पुरेशा ताकदीने मांडतो आणि उत्तर देऊन विजय मिळवल्याचं नाटक करत नाही. वादळ येतं, माणूस त्यात उभा राहतो, वादळ जातं.

दुसरा आरोप आहे तो कंटाळलेल्या भोगी माणसाचा. देहाला आता झेपत नाही म्हणून देव आठवला, असा त्याचा रोख. तो करणाऱ्यांना कादंबरीतली फ्लॉरांस आठवत नाही. पॅरिसमधल्या भागात द्युर्ताल प्रार्थना करू लागल्यावरही या वेश्येकडे जात राहतो. देहाची ओढ संपलेली नाही, हे तो लपवत नाही. पापनिवेदनाआधीही नाही आणि नंतरही नाही. संपली असती तर मठापर्यंत जायला इतका वेळ लागला नसता. खरं तर तत्कालीन धार्मिक वर्तुळांतून त्याच्यावर उलट दिशेने रोष आला. धर्माबद्दलच्या पुस्तकात इतक्या उघड गोष्टी कशाला, निसर्गवादी कादंबरीकार झोलाच्या शाळेत शिकलेला हा माणूस चर्चमध्ये घाण घेऊन आला, असं पुष्कळ भाविकांना वाटलं. त्याच्या 'ला कातेद्राल' या पुढच्या कादंबरीविरुद्ध तर रोमकडे तक्रारी गेल्या. एका बाजूला तो फार पवित्र होऊ पाहतो म्हणून संशय, दुसऱ्या बाजूला तो पुरेसा पवित्र नाही म्हणून संशय. एकेकाळचा मित्र लेआं ब्लुआ याने तर त्याच्या मृत्यूनंतर, १९१३ मध्ये, त्याच्यावर केलेल्या टीकेचं अख्खं पुस्तक काढलं. इतके परस्परविरोधी लोक जेव्हा एकाच माणसाच्या हेतूबद्दल इतके ठाम असतात तेव्हा त्यांचा ठामपणा कुठून येतो, हे विचारायला हवं.

आणि लाभाचं म्हणाल तर हे तिसरं प्रजासत्ताक होतं. सरकारी शाळांमधून धर्मशिक्षण १८८० च्या दशकात काढलं गेलं होतं, जेझुइटांना १८८० मध्येच आदेशाने हटवलं होतं. आणि उइस्मांस १८६६ पासून गृहखात्यात कारकुनी करत होता. तिथे कॅथलिक होऊन त्याच्या पदरात काय पडणार होतं?

हेतू शोधण्याची ही खोड आपल्यालाही नवी नाही. 'आं रूत' पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली त्याच महिन्यात, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा पंथ वेगळा, वाट वेगळी. त्या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पण टिळकांभोवती जे घडलं ते 'स्मृतिचित्रे'त त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलं आहे आणि मराठी वाचकाला ते पाठ आहे. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बदल तर आणखी मोलाचा. सोवळंओवळं हळूहळू सुटत गेलं, वाद घालून कोणी त्यांना जिंकलं नाही, आणि बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, पाच वर्षांनी. आत काय चाललं होतं याचा लख्ख हिशेब त्याही देत नाहीत. आपण त्यांना ढोंगी म्हणतो का? नाही म्हणत, कारण आपण ते पुस्तक मन लावून वाचलं आहे. उइस्मांसला तेवढं वाचन का मिळू नये?

तिसरा आरोप अलीकडचा, आणि तो अधिक हुशारीने केलेला. मिशेल वेल्बेकच्या 'सूमिस्यों' या २०१५ च्या कादंबरीचा निवेदक उइस्मांसचाच अभ्यासक आहे. तो लिग्युजेच्या मठात जाऊन राहतो, खोलीतल्या धूर ओळखणाऱ्या यंत्राला वैतागून परततो, आणि शेवटी अशा निष्कर्षाला येतो की उइस्मांसचा खरा विषय होता मध्यमवर्गीय घरगुती सुख: ऊबदार घर, मित्र, चांगलं जेवण. वेल्बेकचा निवेदक पोकळ झालेला माणूस आहे आणि त्याला उइस्मांसमध्ये आपलीच पोकळी दिसणं हे त्या कादंबरीला धरून आहे. माझा राग त्याच्यावर नाही. राग आहे तो हा निष्कर्ष उचलून चर्चेत अभ्यासाचं मत म्हणून फिरवणाऱ्यांवर. उइस्मांसला ऊब हवी होती, हे खरं. कोणाला नको असते? 'आ व्हो-लो' या त्याच्याच आधीच्या पुस्तकातला तो बिचारा कारकून एका बऱ्या जेवणासाठी पॅरिसभर हिंडतो, ती भूक उइस्मांसला आतून माहीत होती. पण ऊब हाच त्याचा विषय असता तर ती मिळण्याचे सोपे मार्ग होते. १९०० साली तो गोंकूर अकादमीचा पहिला अध्यक्ष झाला. नाव होतं, वाचक होते, निवृत्तिवेतन होतं. पॅरिसमध्ये सुखाने राहता आलं असतं.

त्याऐवजी तो १८९९ मध्ये पॅरिस सोडून पॉतिएजवळच्या लिग्युजे या खेड्यात बेनेडिक्टाइन मठाच्या शेजारी घर बांधून राहिला. ऑब्लेट व्हायचं, म्हणजे गृहस्थ राहूनच मठाचा नियम पाळायचा, मठाच्या प्रार्थनांना हजर राहायचं. वर्षभर उमेदवारी करून मार्च १९०१ मध्ये त्याने ते व्रत घेतलं. जुलै १९०१ मध्ये संघटनांचा कायदा झाला, आणि त्या कायद्याखाली परवानगी मागण्याऐवजी लिग्युजेच्या संन्याशांनी शरद ऋतूत देश सोडला, ते बेल्जियमला गेले. ज्या मठासाठी त्याने सगळं मांडलं होतं तो व्रत घेतल्यापासून सहा-सात महिन्यांत रिकामा झाला. गायन बंद, मित्र गेले, खेड्यात राहण्याला अर्थ उरला नाही. चवीसाठी आलेल्या माणसाची चव इथे संपायला हवी होती. तो पॅरिसला परतला आणि सुरुवातीला राहिला तो र्‍यू मसियवरच्या त्याच धर्मभगिनींच्या आवारात. १९०३ च्या 'लोब्ला'मध्ये त्याने हे सगळं लिहिलं. त्यात दुःख आहे, सरकारवर संताप आहे, संन्याशांच्या क्षुद्रपणाबद्दलही स्पष्ट बोलणं आहे. विश्वास मागे घेतल्याचं एक वाक्य नाही.

राहिला कथानकाचा मुद्दा. इथे एवढं मान्य करतो की 'ला कातेद्राल'मध्ये शार्त्र्‌च्या दगडांच्या, रंगांच्या, प्राण्यांच्या प्रतीकांची पानंच्या पानं येतात आणि ती वाचताना दम लागतो. पण 'आं रूत'ला हा आरोप लागू नाही. एक माणूस ज्या गोष्टीला घाबरतो तिच्याकडे साडेतीनशेहून अधिक पानं पावलापावलाने जातो, दारापाशी अडखळतो, आत जातो आणि बाहेर आल्यावर कुठलाच राहत नाही. लेखकांच्या जगात तो आता बसत नाही आणि मठात राहण्याइतका तो संन्यासी नाही. याहून मोठं कथानक कोणतं हवं? खून, प्रेमप्रकरण, वारसाहक्काचा खटला असला म्हणजेच घटना होते का? कादंबरीचा शेवट बघा. परतीच्या वाटेवर द्युर्तालच्या मनात येतात ते पॅरिसमधले साहित्यिक आणि मठात डुकरं राखणारा म्हातारा बंधू सिमेओं. तो अडाणी आहे, डुकरांशी प्रेमाने बोलतो, आणि मठातले सगळे त्याला संत मानतात. त्या साहित्यिकांची सगळी बोलणी आणि पुस्तकं त्या डुकरं राखणाऱ्याच्या भक्तीच्या तोलाची नाहीत, हे द्युर्तालला कळून चुकलं आहे. स्वतःच्या धंद्याबद्दल असं लिहिणारा लेखक त्या धंद्यासाठी धर्म वापरतो आहे, असं कसं म्हणता येईल?

एक आरोप सगळ्यांत खालच्या पातळीचा आहे: एकटा, निश्चिंत पुरुष, त्याला कसली जबाबदारी, म्हणून देवाचे लाड. ज्या स्त्रीसोबत त्याने अनेक वर्षं काढली ती आना मेनिए १८९३ मध्ये सँत-आन या मनोरुग्णालयात दाखल झाली. तो तिला भेटायला जात राहिला. १८९५ च्या फेब्रुवारीत, पुस्तक बाहेर पडलं त्याच महिन्यात, ती वारली. या काळात लिहिलेल्या पुस्तकाला निश्चिंत माणसाचं म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग निश्चिंत या शब्दाला काही अर्थ ठेवू नका.

मठातले लोक जगापासून पळतात, हा आक्षेपही याच कुळातला. 'आं रूत'मध्ये जेव्हरेझँ द्युर्तालला सांगतो की ट्रॅपिस्ट, कार्मेलाइट हे स्वतःपुरती शांती मिळवायला आत जात नाहीत. बाहेरच्यांच्या पापांचं ओझं ते आपल्या अंगावर घेतात, असा त्यांचा विश्वास आहे. हा विश्वास पटला नाही तर नाकारा. पण पळून जाणाऱ्याची आणि दुसऱ्याचं दुखणं मागून घेणाऱ्याची गल्लत करू नका. हीच कल्पना घेऊन उइस्मांसने १९०१ मध्ये स्खीडामच्या संत लिदवीनचं चरित्र लिहिलं. ही डच मुलगी बर्फावर पडली आणि त्यानंतर अडतीस वर्षं अंथरुणाला खिळून राहिली. वेदना दुसऱ्यांसाठी सोसता येतात, हे त्या पुस्तकाचं म्हणणं.

त्या म्हणण्याची किंमत त्याला लवकरच चुकवावी लागली. जबड्याचा कर्करोग झाला. तोंड, दात, बोलणं, खाणं, सगळं एकेक करून गेलं. दुखणं महिनोन्‌महिने चाललं, १२ मे १९०७ रोजी तो वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे बेनेडिक्टाइन झग्यात त्याला मोंपार्नासला पुरलं. इन्यीच्या त्या जुलैपासून हे वर्ष पंधरावं. या पंधरा वर्षांत त्याचा मठ गेला, प्रेयसी गेली, शेवटी तोंडाची चवही गेली, आणि विश्वास गेला नाही. त्याला रसिक म्हणणाऱ्यांनी आपलं मत १८९५ च्या वर्णनांपुरतं न ठेवता १९०७ च्या त्या खोलीपर्यंत नेऊन दाखवावं. तिथे धूप नव्हता, गायन नव्हतं, रंगीत काच नव्हती, आणि जो माणूस होता त्याला आपण लिहिलेल्या प्रत्येक वाक्याचा अर्थ आता स्वतःच्या शरीरावर सिद्ध करावा लागत होता. त्याने तो केला. 'आं रूत' हे त्याच माणसाचं पुस्तक आहे, आणि ते तसंच वाचलं गेलं पाहिजे.